कापसाची खोली

पहाटे ४.५०

कळंब तालुक्यातलं एक गाव, यवतमाळ-नागपूर रस्त्यापासून थोडं आत. जानेवारी. घराला तीन खोल्या, त्यातली मधली कापसाची. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कापूस, छातीच्या वर. उरलेल्या दोन खोल्यांत आणि ओसरीत चार माणसं. ओसरीतल्या खाटेवर पाट, पाटावर लॅपटॉप. गादीवर ठेवला की तो तापतो आणि बंद पडतो.

ती आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला आहे, नागपूरला. दहावं सत्र. शेवटचा मोठा प्रकल्प चाललाय, त्याला सगळे थीसिसच म्हणतात. वर्गातल्या कुणी विमानतळ घेतलाय, कुणी संग्रहालय, कुणी कर्करोगाचं रुग्णालय. हिने घरकुल घेतलं. कोरडवाहू तीन-चार एकर कापूस असलेल्या घरासाठी, २५ चौरस मीटरचं. ग्रामीण घरकुल योजनेत किमान तेवढी जागा धरलेली असते, स्वयंपाकाच्या जागेसह.

परवा आढावा आहे. उद्या दुपारी नागपूरची गाडी. आत्ता उठायचं कारण एकच, या वेळी गावात व्होल्टेज बरं असतं. संगणकात उभं केलेलं घर उन्हासावलीसकट चित्रात उतरायला एका दृश्याला चाळीस मिनिटं लागतात. लॅपटॉप हप्त्यावर घेतलेला. पंखा घरघरतो. आतून आई विचारते, "झोपली नाई का वं?"

"झोपली होती. उठली."

सकाळी ६.१०

चित्र तयार होतंय तोवर ती फळीवरचे नमुने पुसते. पाच आहेत, माउंटबोर्डाचे, १:१०० मापाचे. पंचवीस चौरस मीटरचं घर या मापात पाच सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटर होतं, म्हणून सगळे आगपेटीएवढे. गेल्या सत्राची कमाई ही.

पहिला सपाट स्लॅबचा. तो सगळेच बांधतात, म्हणून आधी तोच केला. दुसरा कमानीच्या छताचा. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेसने कुंभाराच्या चाकावर मातीचे शंकू वळून, एकात एक बसवून कमानी उभ्या केल्या. लोखंड जवळपास नाही, सिमेंट थोडं. ते पाहून आली तेव्हा ती आठवडाभर दुसरं काही बोलत नव्हती म्हणे. मग हिशेब केला. कमान भिंतींना बाहेर ढकलते. भिंत जाड हवी, पाया हलता कामा नये. इथली जमीन तर दर वर्षी हलते. शिवाय शंकू वळणार कोण? गावातल्या कुंभाराचा मुलगा पुण्यात कंपनीत लागला. कमान फळीवरच राहिली.

तिसऱ्यात दोन घरांत मिळून एक भिंत आणि एक अंगण. नमुना देखणा आहे, मला तर पाचांत तोच आवडला. पण घरकुलाची यादी शेजारी-शेजारी लागत नाही. याचं नाव यंदा, त्याचं तीन वर्षांनी.

चौथ्याचं मूळ वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांच्या ट्यूब हाउसमध्ये. अहमदाबादेत, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, गुजरात हाउसिंग बोर्डासाठी केलेलं. अरुंद, लांब घर. छत उतरतं. तापलेली हवा उताराच्या आतून वर चढते आणि माथ्यावरच्या फटीतून निघून जाते. पंखा लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त छेद, म्हणजे घर उभं कापून दाखवणारं चित्र, नीट काढावा लागतो. पाचवा याच चौथ्याचा भाऊ. तशाच उंच छताखाली निम्म्या भागात माळा टाकला आणि त्या माळ्यावर कापूस. खाली माणसं, वर कापूस. गाइड सरांनी यालाच मान डोलावली. परवा हाच न्यायचा आहे, मोठ्या मापात.

सकाळी ७.००

बाबा कापसाच्या खोलीचं दार उघडतात, मूठभर कापूस काढून दाबून बघतात. ओल. भारतीय कापूस महामंडळ ८ ते १२ टक्के ओलाव्याचा कापूस घेतं. बाराच्या वर गेला की गाडी परत. या हंगामात, २०२५-२६ ला, लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे. व्यापारी त्याच्या बराच खाली मागतो. हमीभावाला घालायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, मग स्लॉट, मग नंबर. तोवर कापूस घरात.

"किती असंल बाबा?"

"सोळा-सतरा क्विंटल. दाबून भरला म्हनून बसला."

खोली दहा बाय दहा. कापूस साडेपाच-सहा फूट. तिने वहीत केव्हाच मांडून ठेवलंय. सहाशे घनफूट, जमिनीवर सव्वानऊ चौरस मीटर. पंचवीसातले सव्वानऊ.

सकाळी ८.१५

गावाबाहेर कोलामांचं पोड, म्हणजे वस्ती, आहे. चालत वीस मिनिटं. पाठीवरच्या पिशवीत तीस मीटरचा टेप, पाच मीटरचा स्टीलचा टेप, ओळंबा, पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी, खडू, पुठ्ठ्यावर चिमट्याने अडकवलेले कागद. टेपचं दुसरं टोक धरायला शाळेला दांडी मारलेला एक पोरगा. त्याला रोजी दहा रुपये आणि बिस्किटाचा पुडा. ही त्यानेच ठरवली.

आज एका कुडाच्या घराचा छेद पूर्ण करायचाय. सागाच्या मेढी जमिनीत पुरलेल्या. वर दुबेळकं, त्यात आडं. आड्यावरून दोन्ही अंगांनी वासे, त्यावर बांबू, त्यावर कवेलू. भिंत म्हणजे पऱ्हाटी आणि बांबूच्या कामट्या विणून केलेला कूड, दोन्ही बाजूंनी माती-शेणाचा गिलावा. कापूस वेचून झाला की शेतात उरते ती पऱ्हाटी. विकत काही नाही.

ती आकडे मोठ्याने म्हणते आणि लिहिते. पोरगा मागून तेच आकडे म्हणतो.

"आडं, दहा फूट चार इंच."

"धा फूट च्यार."

"पागोळीची उंची, चार फूट अकरा."

इथे प्रत्येकाला वाकून आत जावं लागतं. सेवाग्रामच्या बापू कुटीतही छप्पर असंच खाली उतरलेलं आहे. पहिल्या वर्षाला सगळा वर्ग तिथे नेतात, सगळे स्केच करतात. भर उन्हाळ्यात सूर्य भिंतीला शिवू नये म्हणून, हे तिथे पाटीवर वाचून कळतं. इथे भिंतीला हात लावून कळतं. कूड साडेचार इंच. विटेच्या भिंतीचं माप तिला पाठ आहे, नऊ इंच.

घराला खिडकी नाही. कॉलेजात शिकवलेलं असं की खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश खिडकी पाहिजे. ती कागदावर खिडकीच्या रकान्यात फुली मारते. मग थांबते. आत अंधार नाहीच पुरता. कवेलूंच्या फटींतून ठिपके ठिपके उजेड आलाय, चुलीचा धूर त्याच फटींतून वर जातोय. फुली खोडून ती लिहिते, 'छत हीच खिडकी', आणि लगेच तेही खोडते. "सरांना असली वाक्यं आवडतात," म्हणते. "मला माप पाहिजे." मग ती एक हात जागेतल्या फटी मोजायला बसते. कवेलूंच्या तीन ओळी मोजून झाल्यावर पोरगा कंटाळतो.

घरच्या मावशी बाजूला बसून सगळं बघतायत. शेवटी विचारतात, "मोजून काय करतं वं पोरी? पाडतं का काय?"

"नाई मावशी. असंच बांधता येईल का ते बघतो."

मावशी हसतात. दर पावसाळ्यानंतर गिलावा पडतो. पांढरी माती आणावी लागते, शेण कालवावं लागतं, दोन दिवस जातात. ते काम बाईचंच. मजुरी कुणी देत नाही, म्हणून ते खर्चात धरलं जात नाही. ती हे वहीच्या उजव्या बाजूला, मापांपासून वेगळं लिहून ठेवते. देखभाल, दोन दिवस, तीनशे रुपये रोजाने सहाशे. वर्षाला.

आत एका कोपऱ्यात कणगी, दुसऱ्या कोपऱ्यात कापूस. मध्ये चूल. चुलीपासून कापूस सहा फूट. तिने दोनदा मोजलं.

सकाळी १०.४०

त्याच पोडात पलीकडे घरकुलाचं काम चाललंय. कोलाम आदिम जमातींत मोडतात, त्यामुळे इथली घरं पीएम-जनमन योजनेतली, २ लाखांची. गावातल्या बाकीच्यांना त्याहून कमी. पैसे टप्प्याने येतात, आधी फोटो चढतो मग हप्ता उतरतो.

खड्डे खणून झालेत. मिस्त्री काठावर बसून तंबाखू मळतोय. मिस्त्रीला रोज आठशे, मजुराला पाचशे, रेजाला, म्हणजे बाईमजुराला, साडेतीनशे. रेजा दोघी. गिट्टीच्या टोपल्या त्याच उचलतात.

ती खड्ड्यात उतरते. वरची पाच फूट माती काळी, तळाला पिवळसर मुरूम. ही काळी माती पाणी पिते आणि फुगते, उन्हाळ्यात आटते आणि फाटते. मे महिन्यात भेगेत हात जातो. तिच्यावर टेकवलेली भिंत दोन पावसाळ्यांत तिरकी तडकते. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं.

"मुरूम आठ फुटावर असला तं?" ती विचारते.

"तं आठ फूट खना. नाई तं पैसे पुरत नाईत म्हना, अन् पाचावर थांबा."

ती त्याला अंडर-रीम्ड पायलची गोष्ट सांगते. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनीसाठी काढलेली रीत. जमिनीत खोल भोक पाडायचं, बुडाशी ते घंटेसारखं रुंद करायचं आणि काँक्रीट भरायचं. मातीची वरची हालचाल मग खांबाला उचलू शकत नाही. मिस्त्री शेवटपर्यंत ऐकतो. प्रश्न चांगला विचारतो, बुडाशी रुंद झालं की नाही ते वरून दिसणार कसं? आणि म्हणतो, "चांगलं हाय ताई. पन एका घरासाठी ते अवजार घेऊन इथं कोन येईन?"

तिच्याकडे उत्तर नाही. वहीत लिहिते, 'दहा घरं एकदम'.

शेजारचं घरकुल मागच्या वर्षीचं आहे, रंग दिलेलं. दार उघडं. आत हॉलमध्ये छताच्या निम्म्यापर्यंत कापूस. माणसं कुठे? मागे जुना कूड पाडलेला नाही. चूल तिथे, खाटा तिथे. मंजूर नकाशात एक खोली, एक स्वयंपाकघर, न्हाणी आणि संडास. नकाशा काढणाऱ्याने घरी येणारं पीक धरलेलं नव्हतं. ती दारात उभी राहून फोटो काढते. घरचा माणूस म्हणतो, "थांब, रंगाचा येऊ दे फोटो. कापसाचा कायले काढतं?"

दुपारी १.००

भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. जेवताना ती कंपासपेटीतली वायरची दोरी शोधते. दोन थर्मामीटर आहेत, अडीचशेचा एक. एक टिनाच्या घरात टांगायचा, एक कवेलूच्या. खरा फरक मे महिन्यात दिसेल. परीक्षकांपुढची अंतिम जुरीही मे महिन्यातच आहे, म्हणजे आकडे हातात येतील तेव्हा शीट छापून झालेल्या असतील. तरी टांगते.

दुपारी २.१०

फाट्यावरून यवतमाळची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, एकवीस रुपये. कळंबवरून आता वर्ध्याला रेल्वेही जाते, फेब्रुवारी २०२४ पासून, पण यवतमाळपर्यंत अजून रूळ पोचायचेत. मुर्तिजापूरकडे जाणारी शकुंतला रेल्वे तर कधीच थांबली. प्लॉटर यवतमाळला आहे, म्हणजे एसटीच.

दुपारी ३.१५

दत्त चौकाच्या पलीकडे एका गल्लीत छपाईचं दुकान. आधी लेआउटचे नकाशे, मग कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, मग ही. ए-वन आकाराच्या सहा शीट. चार काळ्या-पांढऱ्या, चाळीस रुपयांनी. दोन रंगीत, एकशेवीस रुपयांनी. प्लॅन, छेद, दर्शनी बाजू, पोडाचा नकाशा, कुडाच्या घराचा अभ्यास, उन्हाचं चित्र. शेवटचं तिला काळ्यातच हवं होतं, पण काळ्यात ऊन दिसत नाही.

मग स्टेशनरी. तीन मिलिमीटरचा सनबोर्ड दोन, एकशेऐंशी. माउंटबोर्ड तीन, दोनशे दहा. एनटी कटरची पाती तीस. फेविबॉन्ड साठ. बाल्सा लाकूड हातात घेऊन बघते, भाव विचारते, परत ठेवते. कवेलूसाठी खोक्याचा नालीदार पुठ्ठा चालेल. तो किराणा दुकानात फुकट मिळतो. एकूण आठशेऐंशी. नाश्ता नाही, चहा दहा.

परतीच्या गाडीत शीटची नळी दोन सीटच्या मध्ये उभी. वाहक म्हणतो, "लगेज का?" मग नळीकडे बघून पुढे जातो.

संध्याकाळी ६.४०

मॉडेल. १:२५. घर वीस सेंटिमीटर बाय वीस. खाली पाटावर कटिंग मॅट, स्टीलची पट्टी, दोन कटर. सनबोर्ड एका घावात कापायचा नसतो. पहिला घाव हलका, दुसरा त्याच रेषेत, तिसऱ्याला सुटतो. घाई केली की कडा फुलतात. डाव्या हाताच्या तर्जनीवर जुने दोन व्रण आहेत, एक दुसऱ्या वर्षाचा, एक चौथ्या.

भिंती उभ्या राहतात. खोलीच्या निम्म्या भागावर माळा. त्याला शिडी, झाडूच्या काड्यांची. माळ्यावर ती खऱ्या कापसाचे बोळे ठेवते. नालीदार पुठ्ठ्याचं छत काढता-घालता येतं. माळ्याचं वजनही काढलंय. सतरा क्विंटल पसरले तर चौरस मीटरला १८० किलोच्या आसपास. राहत्या घराच्या स्लॅबला संहितेप्रमाणे साधारण २०० किलो धरतातच. म्हणजे टिकतो.

आई शेतातून आली आहे. पाय धुऊन, पदराला हात पुसत बघायला बसते. संगणकावर तिने हे घर महिनाभर पाहिलं होतं, चांगलं हाय म्हणाली होती. आता ती छत उचलते.

"हे काय वर?"

"कापूस."

"वर चढवन कोन?"

ती सांगायला लागते. खाली जागा मोकळी राहते, ओल लागत नाही, चुलीपासून लांब, वरून हवा जाते. आई ऐकून घेते.

"गाठोडं वीस-पंचवीस किलोचं. सतरा क्विंटलचे किती झाले?"

"सत्तर."

"सत्तर डाव शिडी चढाची. डोक्यावर घेऊन. अन् इकाचा झाला का सत्तर डाव उतराची. तुह्ये बाबा चढन का?"

कुणी बोलत नाही.

"अन् उन्हायात तिच्याखाली झोपाचं. मागच्या साली मे महिन्यापर्यंत ठेवला होता कापूस, आठव. साऱ्या घराले खाज सुटली. तो तं बाजूच्या खोलीत होता. हा डोक्यावरून गयन."

मग छत परत ठेवून, सहज, "कितीचं सामान आनलं?"

"आठशेऐंशी."

वेचणी किलोला दहा रुपये. आई मनातल्या मनात करते. "अठ्ठ्याऐंशी किलो. दोन दिवस." रागाने नाही. तिच्याकडे मोजायचं माप ते आहे.

पाच वर्षांत बऱ्याच जुरी पाहिल्यात तिने. बाहेरून आलेले परीक्षक छेदावर बोलले, उजेडावर बोलले, कोरिया, दोशी अशा मोठ्या वास्तुरचनाकारांवर बोलले. ओझं कोण उचलणार, हा प्रश्न कुणी केला नव्हता. माझ्या मते तो छेदाबद्दलचाच प्रश्न आहे, आणि चांगल्यातला.

रात्री ९.१०

गाइड सरांचा फोन. ती सगळं सांगते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग सर विचारतात, कापूस घरात येतो कशावरून? बैलबंडीवरून, टेम्पोवरून. आणि जातो? त्याच्यावरूनच. मग मधे तो जमिनीवर कशाला टेकवतेस?

फोन ठेवून ती ट्रेसिंग कागद पसरते. छापलेल्या छेदावरच, चिकटपट्टीने. माळा जातो. कापसाची खोली बाजूला येते, दार रस्त्याकडे. राहत्या भागाचं जोतं दीड फूट, कापसाच्या खोलीचं गाडीच्या उंचीइतकं. गाडी मागे लावली की गाठोडं आडवं सरकतं. उचलायचं नाही, चढायचं नाही. दोन्हींवर एकच उतरतं छत. मधली भिंत छतापर्यंत बंद, म्हणजे तंतू इकडे येणार नाहीत. हवा जायची फट कापसाच्या बाजूला वेगळी.

राहायला उरतात पावणेसोळा चौरस मीटर. कमी आहेत. ते लपवायचे नाहीत, असं ती ठरवते. आकडा शीटवर मोठा लिहायचा. शेजारी सकाळी काढलेला रंगीत घरकुलाचा फोटो.

खर्च. जोतं दीड फूट वाढलं तर भरायला जास्तीचा दीड ब्रास मुरूम. माळ्याचं लोखंड आणि सिमेंट वाचलं. बेरीज-वजाबाकी तीनदा करते. थोडे पैसे उरतात. इतके थोडे की ती चौथ्यांदा करते.

रात्री ११.२०

मॉडेलमधला माळा कटरने सुटतो. भिंतीवर फेविबॉन्डचे डाग राहतात. शिडी ती फेकत नाही, छतावर कवेलू फिरवायला लागेल म्हणून बाहेर टेकवते. आता नवं जोतं कापायचं. किती उंचीचं? अंगणात जाऊन बंडी मोजते, टॉर्च दातांत धरून. साटीपर्यंत दोन फूट नऊ इंच. पण कापूस कळंबला जातो तो टेम्पोवरून, आणि टेम्पोचं माप वहीत नाही. इंटरनेटवर कंपनीने दिलेलं सापडतं. ते रिकाम्या गाडीचं. भरली की पाटे दबतात.

शेजारच्या काकाजींचा टेम्पो पहाटे केंद्रावर जाणार आहे, भरून. बाबा फोन लावतात आणि फोन तिच्याकडे देतात.

"काकाजी, सकाळी निघाच्या आधी फाळका मोजाचा होता. भरल्यावरचा."

"फाळका? कायले वं?"

"घराच्या जोत्यासाठी."

तिकडे काकाजी काकींना काहीतरी सांगतात, दोघंही हसतात. "साडेचारले ये मंग. पन नुसती टेप घेऊन उभी नको राहू. च्यार गाठोडे चढवू लागजो."